पक्षी कोणता, ते आधी पाहा

प्रश्न : ६० बाय ३० मीटरच्या माशांच्या तळ्यावर चमकत्या पट्ट्या बांधल्या. चार दिवस पाणकावळे फिरकले नाहीत, पाचव्या दिवसापासून पट्ट्यांखाली बुड्या मारू लागले. आता दोऱ्या ताणाव्यात की जाळे टाकावे?

उत्तर : पट्ट्या, बुजगावणी आणि आवाजाची यंत्रे यांची भीती पक्ष्यांना फार दिवस राहत नाही. त्यापासून इजा होत नाही हे कळले की ते निर्धास्त होतात. दर दोन-तीन दिवसांनी जागा आणि वेळ बदलली, सोबतीला काठावर माणसाचा वावर असला, तर थोडे दिवस भागते. कायमचा बंदोबस्त म्हणजे वाट अडवणे.

खाणारा पाणकावळाच आहे याची खात्री जखमी माशांवरून करा. पाणकावळ्याच्या चोचीचे टोक आकड्यासारखे वाकलेले असते. त्यामुळे निसटलेल्या माशाच्या एका कुशीवर खोल खूण आणि दुसऱ्या कुशीवर ओरखडे दिसतात. बगळा भोसकतो, म्हणून त्याची खूण बहुधा पाठीवर, भोकासारखी असते.

पाणकावळा पाण्यावर घसरत उतरतो आणि उडताना पाण्यावर पाय मारत धावतो. आडव्या दोऱ्यांनी नेमकी हीच धाव अडते. एक-एक मीटरवर दोऱ्या ताणल्या तर थव्याने उतरणे बंद होते, मात्र एखादा धीट पक्षी मधून शिरायला शिकतो. बगळ्यांचाही त्रास असेल तर अंतर ३० सेंटिमीटर लागते. एकही पक्षी नको असेल तर जाळ्याला पर्याय नाही. पण एवढ्या मोठ्या तळ्यावर जाळ्याचे वजन आणि वारा पेलणारा सांगाडा उभारण्याआधी दोऱ्या वापरून पाहाव्यात, असे आमचे मत आहे.

खांब पाण्याच्या काठापासून एक मीटर बाहेर रोवा, नाहीतर ओढजाळे ओढणाऱ्यांना चालायला जागा उरत नाही. म्हणजे दोरीची लांबी ३२ मीटर झाली. मीटरमागे एक दोरी धरली तर ६१ दोऱ्या, गाठींसकट साधारण २,१०० मीटर. ३० सेंटिमीटरवर २०१ दोऱ्या, म्हणजे जवळपास ६,९०० मीटर. दोरी २ मिलिमीटरची, उन्हात न कुजणारी एचडीपीई (एक प्रकारचे मजबूत प्लास्टिक), पांढरी किंवा पिवळी घ्या, पक्ष्याला दिसली पाहिजे. उंची पाण्यापासून २ मीटर, म्हणजे खालून काम करता येते.

बहुतेकांचे गणित ताणात चुकते. दोरीमागे ५ किलोचा ताण दिला तर मधला झोळ १० सेंटिमीटरच्या आत राहतो. पण खांब ५ मीटरवर असतील आणि दोऱ्या ३० सेंटिमीटरवर, तर एका खांबावर १६-१७ दोऱ्या, म्हणजे ८० किलोच्या वर ओढ आतल्या बाजूला येते. बाहेरून ४५ अंशांत खुंट्याला बांधलेली ताणतार नसेल तर पहिल्या पावसात माती मऊ होताच खांब आत झुकतात आणि सगळ्या दोऱ्या एकदम सैल पडतात. ४५ अंशांतल्या त्या ताणतारेवर सुमारे १२० किलोचा भार येतो, हे धरून खुंटा निवडा.

दोऱ्या खांबांवरून नेलेल्या ४ मिलिमीटरच्या तारदोराला बांधाव्यात. नुसती गाठ मारली तर ती सरकते, चार दोऱ्या एकत्र गोळा होतात आणि शेजारी मीटरभर खिडकी उघडते. म्हणून प्रत्येक गाठीशेजारी क्लिप आवळा. एक टोक पक्के, दुसरे आकड्यात ठेवा, म्हणजे मासे काढताना दोऱ्या उतरवता येतील. एचडीपीई ताणाखाली हळूहळू लांबते, आठवड्याने पुन्हा ताणावे लागते. आणि बाजू मोकळ्या ठेवू नका. वरून अडलेला पक्षी काठावर उतरून चालत आत येतो.

प्रश्न : बोटुकलीच्या (बोटाएवढ्या माशांच्या पिल्लांच्या) टाकीवर तंगुसाचे, म्हणजे पारदर्शक नायलॉन धाग्याचे जाळे टाकले आहे. त्यात खंड्या आणि ढोकऱ्या अडकून मरतात. काय बदलावे?

उत्तर : तंगूस आजच काढा. तो पक्ष्याला दिसत नाही, आणि सैल असला की पायात-पंखात गुंडाळतो. जाड धाग्याचे, दिसणारे जाळे घट्ट ताणून बसवा. मोठ्या पक्ष्यांसाठी १० सेंटिमीटरचा आस (जाळ्याच्या भोकाचे माप) पुरतो, पण खंड्या ५ सेंटिमीटरमधूनही शिरू शकतो, म्हणून बोटुकलीवर २.५ सेंटिमीटरच हवा. बारीक आसात पाने साठतात आणि झोळ पडतो, म्हणून पाने रोज झाडा. जाळे पाण्यापासून किमान एक मीटर वर हवे, नाहीतर बगळा त्यावर उभा राहून आसातूनच चोच मारतो.

बगळा अडकलाच तर जाड कापड टाकून आधी मान धरा. तो डोळ्यांवर चोच मारतो, चष्मा घाला. मग जाळे कापा, पक्षी ओढू नका.

प्रश्न : आठवड्यापासून पहाटे काठावर बगळ्यांची रांग लागते. दिवसा एकही नसतो. फटाके लावावेत का?

उत्तर : आधी पाण्याकडे पाहा. पहाटे विरघळलेला प्राणवायू सर्वांत कमी असतो. तो लिटरमागे २-३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि बगळ्यांना आयते ताट मिळते. सूर्योदयापूर्वी मोजा. आकडा कमी आला तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवा, खाद्य थांबवा, शक्य असेल तर ताजे पाणी सोडा. प्राणवायू ठीक असूनही मासे वर रेंगाळत असतील तर कल्ले तपासा, रोग असू शकतो. फटाक्यांनी बगळे उडतील, मासे मात्र वरच राहतील.

प्रश्न : मांसात ज्वारीच्या कण्यांएवढे पिवळे दाणे सापडतात. याचा पक्ष्यांशी संबंध आहे का?

उत्तर : आहे. हा बहुधा क्लिनोस्टोमम नावाचा चपटा कृमी. बगळ्याच्या तोंडातून त्याची अंडी पाण्यात पडतात, पुढची वाढ गोगलगायीत होते, मग अळी माशात शिरून पिवळी गाठ करते आणि असा मासा खाल्ला की चक्र पुन्हा बगळ्यात. माशातली गाठ औषधाने काढण्याच्या मागे लागू नका. तोडायची कडी म्हणजे गोगलगाय. काठावरचे पाणगवत काढा, आणि मासे काढल्यावर तळे पूर्ण आटवून तळाला भेगा पडेपर्यंत वाळवा. ओल राहिलेल्या खड्ड्यात गोगलगायी तग धरतात, तिथे चुना टाका.