मुक्त शाळेचं केंद्र चालवायला कोणते नेतृत्वगुण लागतात?

तुमच्या संस्थेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं, म्हणजे रोज शाळेत न जाता घरी अभ्यास करून दहावी-बारावीची परीक्षा देता येते त्या मंडळाचं, अभ्यासकेंद्र मिळालंय, प्रमुखपद तुमच्याकडे आलंय आणि अंगी कोणते गुण हवेत असं तुम्ही विचारलंय. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी असं केंद्र नऊ वर्षं सांभाळलं. त्या अनुभवावरून सांगतो.

सगळ्यात आधी, जो समोर नाही त्याची आठवण ठेवता आली पाहिजे. नेहमीच्या शाळेत मूल चार दिवस आलं नाही की बाक रिकामा दिसतो. आपल्याकडे बाकच नसतो. मुलानं शिकणं सोडलं हे कळतं ते थेट परीक्षेच्या दिवशी. पहिली दोन वर्षं मी रविवारचे संपर्कवर्ग चोख घेतले आणि आलेल्या पंधरा जणांवर समाधानी राहिलो. नाव नोंदवलेले बाकीचे साठ कुठे आहेत, हे विचारलंच नाही. ती चूक मला अजून सलते.

मग एक वही केली. प्रत्येकाच्या नावापुढे घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर, कामाचं गाव आणि शेवटचं बोलणं झालं ती तारीख. महिना उलटला की फोन. ‘अभ्यास झाला का’ असं विचारलं की पुढच्या वेळी फोन उचलला जात नाही. ‘स्वाध्याय कुठवर आला, काही अडलंय का’ असं विचारलं की माणूस बोलतो.

दुसरं, विद्यार्थ्याचं वर्ष कसं जातं ते माहीत हवं. आमच्याकडची निम्मी मुलं ऊसतोडीला जायची. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, परततात ते मार्च-एप्रिलला. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात, आणि एप्रिलच्या परीक्षेचे स्वाध्याय ऐन हंगामात द्यावे लागतात. त्यांना तर २० टक्के गुण असतात. म्हणून अशा मुलांचा सगळा जोर मी ऑक्टोबरच्या परीक्षेवर ठेवला आणि पावसाळ्यात जादा वर्ग लावले. हे वरून कुणी सांगत नाही, आपणच ठरवायचं असतं.

नियम तोंडपाठ ठेवा, कारण त्यांच्यामुळेच माणसांचं शिक्षण तुटत नाही. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षं चालतो, त्यात नऊ वेळा परीक्षा देता येते. मान्य मंडळाच्या दहावीत उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे धरता येतात. गणित सक्तीचं नाही. गणितात तीनदा नापास झालेल्या एका मुलीला हे सांगितलं तेव्हा ती आणि तिची आई दोघी रडल्या.

शिक्षकांनाही घडवावं लागतं. चाळिशीच्या बाईंना ‘ए, उभी राहा’ म्हणणारा शिक्षक कितीही हुशार असला तरी या कामाचा नाही. ‘ताई, तुम्ही सांगा’ म्हणणारा हवा.

आणि ‘मुक्त म्हणजे पास करून देणारे’ असं समजून येणारे पालक पहिल्याच आठवड्यात भेटतील. त्यांना तिथेच, स्पष्ट नाही म्हणा. एकदा जरी नमलात तरी तालुकाभर बोभाटा होईल, आणि मग रात्री पाळीवरून येऊन खरोखर अभ्यास करणाऱ्याच्या गुणपत्रिकेकडेही लोक संशयानं बघतील.

प्रवेशाची यादी हातात आली की ज्यांनी अजून पुस्तकं नेलेली नाहीत, त्यांच्यापासून फोन सुरू करा.