जँगो ३.२ चं ॲप पायथन ३.१२ वर: आधी जँगो, मग पायथन

तुमचं म्हणणं असं की पिंपळगावच्या पॅकहाऊसचं द्राक्षाच्या आवक-नोंदीचं ॲप जँगो ३.२ (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क), पायथन ३.८ आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर आहे. उबंटू २४.०४ च्या नव्या सर्व्हरवर ते ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्ट्युटिल्स’ म्हणून अडतं. सेटअपटूल्स हे पायथनचं पॅकेज टाकून भागेल का?

भागेल, पण तेवढ्यावर थांबू नका. २४.०४ सोबत पायथन ३.१२ येतो, त्यातून डिस्ट्युटिल्स हे जुनं मॉड्यूल काढलंय आणि जँगो ३.२ ला ते लागतं. सेटअपटूल्सनं ते भोक बुजतं, एवढंच. उद्या सर्व्हरवर पायथन ३.१३ घेतला की त्यात सीजीआय मॉड्यूल नाही म्हणून तेच ॲप पुन्हा पडेल.

जँगो आणि पायथन एकाच दिवशी बदलू नका, बिघाड कशामुळे झाला तेच कळत नाही. जँगो ४.२ हे पायथन ३.८ वरही चालतं आणि ३.१२ वरही. म्हणून जुन्या सर्व्हरच्या प्रतीवर, पायथन ३.८ वरच, आधी जँगो ४.२ करा. यूगेटटेक्स्ट, फोर्स_टेक्स्ट आणि जुनं यूआरएल() फंक्शन जँगो ४.० मध्ये गेलंय. ते शोधून बदला.

खरी ठेच लॉगिनला लागते. ४.० पासून जँगो फॉर्म पाठवताना ओरिजिन हेडर, म्हणजे विनंती कुठल्या पत्त्यावरून आली ते, तपासतं. पुढे उभ्या एनजिनएक्स वेब सर्व्हरच्या मागे, ॲप चालवणाऱ्या गुनिकॉर्नला साधं एचटीटीपी दिसतं, ब्राउझर एचटीटीपीएस सांगतो, आणि ४०३ (परवानगी नाही) येतो. स्वतःच्या लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही. सेटिंग्जमधल्या सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्समध्ये डोमेन ‘एचटीटीपीएस://’ सकट लिहा. नुसतं नाव आता चालत नाही.

मग पायथन ३.१२. जुना व्हेन्व्ह (ॲपच्या पॅकेजांचं वेगळं फोल्डर) कॉपी करू नका, नवा बनवा. मायएसक्यूएलशी जोडणारं मायएसक्यूएलक्लायंट बिल्ड व्हायला पायथन३-डेव्ह, पीकेजी-कॉन्फिग आणि डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह ही पॅकेजं आधी टाका. लेबलं पिलो या चित्रांच्या लायब्ररीवर काढत असाल तर तिच्या आवृत्ती १० मध्ये टेक्स्टसाइझ गेलंय, त्याजागी टेक्स्टबीबॉक्स.

हे सगळं ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास उरका; जानेवारीत माल सुरू झाला की सर्व्हरला हात लावायला कुणी देणार नाही.

जँगो ४.२ ला दुरुस्त्या मिळण्याची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच, म्हणून पुढे जँगो ५.२ वर जा. तिथे यूएसई_टीझेड (वेळ टाइमझोनसकट धरायचं सेटिंग) मुळातच ट्रू असतं. सेटिंग्जमध्ये ती ओळच नसेल तर आधी फॉल्स लिहून ठेवा. नाहीतर मायएसक्यूएलमधली जुनी भारतीय वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजली जाते आणि सकाळी ९ ला उतरलेली गाडी नोंदीत दुपारी २.३० ची दिसते.