घाण, वाफ आणि दर्प

'घाण' आणि 'घ्राणेंद्रिय' यांत खरोखर नाते आहे की तो नुसता उच्चाराचा योगायोग आहे, 'वाफ' हा शब्द 'बाष्प'वरूनच आला का, आणि गर्व या अर्थाचा 'दर्प' वासाला कसा चिकटला, असे तीन प्रश्न एका वाचकाने विचारले आहेत. पहिल्या दोन जोड्यांतले नाते सख्खे आहे. तिसऱ्याचे उत्तर थोडे तर्काने द्यावे लागते.

संस्कृतात 'घ्रा' म्हणजे हुंगणे आणि त्यावरून आलेला 'घ्राण' म्हणजे हुंगण्याची क्रिया, वास किंवा नाक. त्यात बऱ्यावाईटाचा भेद नव्हता. प्राकृतात जोडाक्षर सुटून 'घाण' झाले तरी अर्थ निर्मळच राहिला, कारण अर्धमागधीतील जैन आगमांत 'घाणिंदिय' म्हणजे नाक, आणि पाली ग्रंथांत डोळे व कान यांच्यापाठोपाठ येणारे 'घान' हेही नाकच. मराठीत मात्र हा शब्द दुर्गंधीकडे झुकला आणि पुढे वासापासूनही सुटला. अंगणातल्या वाळक्या पाल्याला कसलाच वास नसला, तरी आपण 'केवढी घाण झाली आहे' असे म्हणतोच. ('भज्यांचा घाणा' मात्र वेगळा, त्याला या घाणीत ओढू नये.) 'वास' हा शब्दही त्याच वाटेवर निघाला आहे, कारण 'दुधाला वास येतो आहे' असे कोणी म्हटले की ते दूध चहात घालण्याच्या लायकीचे उरलेले नसते.

'वाफे'चा इतिहास मला अधिक रंजक वाटतो. संस्कृतात 'बाष्प' म्हणजे अश्रूही आणि ऊनऊन वाफही. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात कण्वांचा कंठ दाटून येतो तो आवरलेल्या 'बाष्पा'मुळे. प्राकृताने या दोन अर्थांची चक्क वाटणी केली: अश्रूंसाठी 'बाह' आणि उष्ण वाफेसाठी 'बप्फ'. बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्र याने 'बाष्पे होऽश्रुणि' असे सूत्रच त्यासाठी दिले आहे. 'हत्थ'चा 'हात' आणि 'सप्प'चा 'साप' झाला त्याच रीतीने 'बप्फ'मधले द्वित्व जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला आणि 'वाफ' हे रूप मिळाले. आरंभीच्या 'व'चेही नवल नाही, कारण संस्कृतातही 'वाष्प' असे रूप आढळते. अश्रू गळाले ते गळालेच. 'वाफ' मग स्वयंपाकघरात इतकी रुळली की 'झाकण ठेवून एक वाफ काढावी' या वाक्यात ती जवळजवळ वेळेचे माप होते, आणि 'तोंडची वाफ दवडणे' यात ती वाया गेलेला शब्द होते. शास्त्राला शब्द हवा झाला तेव्हा आपण पुन्हा 'बाष्पा'कडे वळलो आणि 'बाष्पीभवन' घडवले.

'दर्प' मात्र रूप न बदलता जसाच्या तसा मराठीत आला आणि बदलला तो अर्थच. 'मद' या शब्दाचा दाखला येथे उपयोगी पडतो: मद म्हणजे गर्व, मद म्हणजे माजलेल्या हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणारा उग्र वासाचा स्राव, आणि 'मृगमद' म्हणजे कस्तुरी. माज आणि उग्र गंध यांची ही जुनी सांगड पाहता, 'दर्प'ही त्याच ओढीने वासाकडे गेला असावा असे माझे मत आहे. शब्दातला तो जुना ताठा अजून जाणवतो. मोगऱ्याचा दरवळ असतो, पण हिंगाच्या डबीचे झाकण उघडताच नाकात घुसतो तो दर्पच.