वही कपाटात ठेवा

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. तीन वर्षांपासून सांगलीतल्या इनडोअर रेंजवर १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करते. कर्ज काढून तिला दीड लाखाचं पिस्तूल घेतलं. सहा महिने झाले, स्कोअर ५४८च्या पुढे सरकत नाही. मी रोज मागे बसून प्रत्येक शॉट वहीत लिहितो, परतताना गाडीवर तिला चुका समजावतो. हल्ली ती काही बोलतच नाही. एनडीएत किंवा पोलिसात नेमबाजीचा फायदा होईलच. पण यंदा राज्य स्पर्धेत पदक आलं नाही, तर सराव बंद करून जेईईच्या क्लासला घालावं का? – एक पालक

उत्तर : ‘हल्ली ती काही बोलतच नाही’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी मात्र तिथून पुढे जाऊ शकलो नाही.

सहाशेपैकी ५४८ म्हणजे साठ शॉटची सरासरी दहापैकी ९.१च्या वर. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. ते दहा मीटरवरून, एका हाताने टिपायचं. अभ्यास सांभाळून इथवर आलेली मुलगी तुम्हाला अडकलेली दिसते, याचं मला वाईट वाटतं.

या खेळात नजर पिस्तुलाच्या पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर ठेवतात. टार्गेट धूसर दिसतं, तसंच दिसायला हवं. ट्रिगरला अर्धा किलोचा दाब पुरतो. ‘आता दहा हवाच’ असं मनात आलं की बोट ट्रिगरला हिसका देतं आणि शॉट आठात जातो. म्हणून कोच सांगतात, आकडा विसर. आणि पाठीमागे वडील तोच आकडा वहीत उतरवत बसलेले. तिने कुणाचं ऐकायचं? वर घरी येताना पुन्हा चुकांची उजळणी. गाडीवर मागे बसलेल्या मुलीचा चेहरा तुम्हाला दिसत नाही, म्हणून ते बोलणं तुम्हाला सोपं जातं. कर्ज काढायचं तुम्ही ठरवलंत. त्याचा हप्ता तिच्या स्कोअरमधून वसूल करू नका.

आता एनडीए, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणारी अकादमी. हा गैरसमज मला फार घरांत भेटतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. त्यानंतर एसएसबी, म्हणजे सैन्याची निवड फेरी : मानसशास्त्रीय चाचण्या, गटातली कामं, मुलाखत. यात कुठेही नेम बघत नाहीत. हत्यार चालवायला अकादमीत सगळ्यांना पहिल्यापासून शिकवतात, आणि तिथलं फायरिंग एका हाताने शांतपणे साधलेल्या शॉटपेक्षा पार वेगळं असतं. पोलीस भरतीतही मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षाच असते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण ते ठरावीक स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतं, नुसत्या सरावावर नाही. मुळात तिला गणवेश हवाय का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीतच बिघडलं आणि ती अंतिम फेरीपर्यंत पोचली नाही. पॅरिसहून, २०२४ मध्ये, ती दोन कांस्यपदकं घेऊन आली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे रायफलचा, पण त्याचीही पहिली ऑलिंपिक वारी २८व्या वर्षी झाली आणि त्याआधी कित्येक वर्षं तो रेल्वेत नोकरी करत होता. तुम्ही अकरावीतल्या मुलीला एका स्पर्धेची मुदत दिली आहे.

जेईई द्यायची तर गणित-भौतिकशास्त्र आवडतं म्हणून द्यावी. पदक हुकलं म्हणून क्लासला घातलंत, तर तिला ती शिक्षाच वाटेल आणि दोन्हीकडचं मन उडेल.

म्हणून क्लासचा निर्णय आज मी देणार नाही. पुढचे दोन महिने तिला रेंजच्या दारात सोडा आणि परत फिरा. वही कपाटात ठेवा. गाडीवर स्कोअर विचारू नका, ती आपणहून बोलली तर ऐका. सराव चालू ठेवायचा की नाही, पुढे काय करायचं, हे तिने मला स्वतः लिहून पाठवावं. ते पत्र तुम्ही वाचायचं नाही. उत्तरही मी तिलाच देईन.