हस्ताचा पाऊस, सोयाबीनची काढणी आणि वीज: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

सोयाबीन काढणीला आलं की आमच्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात: दाण्यात ओलावा किती असावा, मळणी कधी करावी, बियाण्यासाठी कोणतं राखावं. यंदा त्यात विजेचे प्रश्न बरेच आले. बरं झालं. देशात २०२२ या एका वर्षात वीज पडून २,८८७ माणसं गेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे आहे. विजेने मरणाऱ्यांत मोठा भरणा शेतात राबणाऱ्यांचा असतो. म्हणून या वेळी कीड-रोग बाजूला ठेवून फक्त याच प्रश्नांची उत्तरं देतो.

शेत गावापासून दोन किलोमीटरवर आहे. आडोसा म्हणून बांधावरचं एकच लिंबाचं झाड. पाऊस आला की त्याखालीच थांबतो. दुसरं करायचं काय?

तुमचा प्रश्न पाऊस सुरू झाल्यानंतरचा आहे. तोवर बराच वेळ हातचा गेलेला असतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि तसंच एप्रिल ते जूनमध्ये, सकाळी कडक ऊन पडतं, हवेत दमटपणा असतो आणि दुपारनंतर ढग उभे वाढत जातात. खालून काळाकुट्ट, वर माथा पसरलेला असा ढग दिसला की तो विजेचा समजा. दुपारी दोन ते संध्याकाळी सात ही वेळ सगळ्यात वाईट. वीज ढगाच्या बरोबर खालीच पडते असंही नाही. दहा-दहा किलोमीटर लांब, डोक्यावर निरभ्र आभाळ असतानाही ती पडते. चमक दिसली की आकडे मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागलं की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. तीस किंवा त्याहून कमी आकडे झाले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आली. खुरपं, विळा, पंप जिथे असेल तिथे ठेवून निघा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे मोफत अ‍ॅप तुमच्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरमधल्या विजेची सूचना देतं. घरातल्या पोराकडून ते फोनमध्ये घालून घ्या. रेंज नसेल तर गडगडाट आहेच. तो कानावर आला याचा अर्थच असा की तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात.

आता त्या झाडाचं. मोकळ्या शिवारात उंच तेच, म्हणून वीज त्याच्यावर पडायची शक्यता जास्त. पडली की ती बुंध्यातून खाली येते. माणसाच्या अंगातून वीज लाकडापेक्षा सहज वाहते, त्यामुळे बुंध्यातून ती शेजारच्या माणसावर उडी घेते. उरलेली मुळांच्या बाजूने जमिनीत पसरते. झाडाखाली पाच जण उभे असले तर पाचही जण सापडतात. भिजलात तर फार तर सर्दी होईल, पण त्या लिंबाखाली थांबू नका.

जायचं कुठे, हे सकाळी शेतात येतानाच ठरवा. चारी बाजूंनी भिंती असलेलं पक्कं घर, शाळा किंवा काचा लावलेली जीप-कार चालेल. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथून हलू नका. पाऊस थांबला म्हणून लगेच बाहेर पडणारे बरेच जण सापडतात.

काहीच जवळ नसेल तर सखल जागा बघा, मात्र ओढा किंवा पाणी साचलेली जागा नको. दोन्ही पाय जुळवून चवड्यांवर उकिडवे बसा, डोकं गुडघ्यांत, हात कानांवर. आडवं पडू नका. मजूर बरोबर असतील तर एकमेकांपासून वीस-पंचवीस पावलं लांब बसा. घोळक्याने बसलं की धीर वाटतो, पण वीज पडली तर सगळे एकदम जातात. असं बसल्याने धोका कमी होतो, टळत नाही, हेही स्पष्ट सांगतो.

आणि गंजीबद्दल. ढग दाटले की घरातली झाडून सगळी माणसं ताडपत्री घेऊन सोयाबीन झाकायला धावतात. उघडं रान, त्यात उंच ती गंजी आणि गंजीवर चढलेला माणूस. याच्याइतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही. काढणीच्या दिवसांत ताडपत्रीची एक बाजू सकाळीच दगडांनी दाबून ठेवा आणि आभाळाची वाट न बघता दुपारी एकच्या आत गंजी झाका. राहिलीच झाकायची, तर भिजू द्या. भिजलेलं सोयाबीन वाळवता येतं, भाव थोडा पडेल. वर्षभराची कमाई डोळ्यांदेखत भिजत असताना असं सांगणं सोपं आहे, हे मला कळतं. तरीही हेच सांगतो.

झाडाखाली बांधलेले दोन बैल आणि गाय एकदम दगावली. शेजारी गडी होता, त्याला फक्त झिणझिण्या आल्या. असं कसं?

वीज जमिनीत शिरली की पडल्या जागेपासून चहूकडे पसरते. जवळ दाब जास्त, लांब कमी. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय चार-पाच फूट लांब असतात. त्या दोन जागांच्या दाबात फरक पडतो आणि वीज पुढच्या पायातून चढून मागच्या पायातून उतरते. वाटेत काळीज लागतं. माणसाचे दोन पाय जवळ असतात, शिवाय एका पायातून दुसऱ्यात जाणारी वीज छातीपर्यंत पोचत नाही, म्हणून तो वाचू शकतो. पाय जुळवून बसा म्हणतो ते याचसाठी. नॉर्वेत २०१६च्या ऑगस्टमध्ये एका माळावर ३२३ रेनडिअर असेच एका वादळात मेले होते.

जनावरं झाडाला, तारेच्या कुंपणाला किंवा लोखंडी खांबाला बांधू नका. वेळ असेल तर गोठ्यात न्या. नसेल तर दावं सोडा आणि तुम्ही निघा. बैल सोडायला परत गेलेला माणूस दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचायला मिळतात.

पत्र्याचं शेड, ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, मोबाइल. यातलं धोक्याचं कोणतं?

मोबाइल वीज ओढत नाही. मात्र चार्जिंगला लावलेला फोन वापरू नका. चार खांबांवर नुसते पत्रे असलेलं शेड हा आडोसा नव्हे. ट्रॅक्टरला रबरी टायर आहेत म्हणून आपण सुरक्षित, हा भ्रम आहे. बंद केबिन नसेल तर उतरा, ट्रॉलीखालीही शिरू नका. स्टार्टर, लोखंडी पाइप, तारेचं कुंपण यांना हात लावू नका. द्राक्षबागायतदारांनी हे विशेष ध्यानात घ्यावं: मांडवाच्या तारा आणि अँगल बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडलेले असतात, वीज लांब पडली तरी झटका तुमच्यापर्यंत येऊ शकतो. ग्रामपंचायतीवर वीज अटकाव यंत्र बसवलंय म्हणून सगळं शिवार निर्धास्त झालं, असं समजू नका. त्याचं संरक्षण ती इमारत आणि तिच्या लगतच्या जागेपुरतंच असतं.

पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. आमच्या घरात एक जण पायाळू आहे.

जन्मताना पाय आधी आले की डोकं, हे विजेला कळत नाही. घरातल्या पायाळूला आत बसवून बाकीचे शेतात राहत असतील, तर तेवढं बदला.

वीज पडलेल्या माणसाला शेणात पुरलं तर अंगातली वीज उतरते का?

अंगात वीज राहतच नाही. ती क्षणात निघून जाते, त्यामुळे त्या माणसाला हात लावायला घाबरायचं कारण नाही. शेणात पुरणं म्हणजे जी पहिली दहा मिनिटं त्याला वाचवू शकली असती ती घालवणं.

विजेने बहुतेकदा हृदय आणि श्वास बंद पडतो. माणूस मेल्यासारखा दिसतो, पण वाचू शकतो. १०८ला फोन करायला एकाला सांगा. दुसऱ्याने त्याला पाठीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबावं. येत असेल तर मधूनमधून तोंडाने श्वास द्यावा. दवाखान्यात पोचेपर्यंत थांबू नये. एकाच वेळी अनेकांना झटका बसला असेल तर जो निपचित आहे त्याच्याकडे आधी धावा. जो विव्हळतोय त्याचा श्वास चालू आहे. गडगडाट चालू असेल तर आधी स्वतःची जागाही बघा.

मदत कोणाकडे मागायची?

माणूस दगावल्यास महसूल विभागाकडून वारसांना ४ लाख रुपये मिळतात. त्यासाठी तलाठ्याला लगेच कळवा. शवविच्छेदन टाळू नका, त्या अहवालाशिवाय प्रकरण अडतं. मृत व्यक्ती शेतकरी असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपयांसाठीही अर्ज करता येतो. तो ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. दुःखात महिना कसा जातो ते कळत नाही, म्हणून ही धावपळ भावकीतल्या एखाद्याने अंगावर घ्यावी.

जनावरांसाठी २०२२ ते २०२६च्या निकषांनुसार दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये आहेत, किती जनावरांपर्यंत याची मर्यादा ठरलेली आहे. पशुवैद्यकीय अधिकारी आणि तलाठी येऊन पंचनामा करेपर्यंत मेलेलं जनावर पुरू नका आणि कानातला बिल्ला काढू नका.