‘मी उगाच भावनिक होतेय का?’

“मॅडम, मी ‘बाळ’ म्हटलं की घरातले चिडतात. मी उगाच भावनिक होतेय का?” ठरवलेलं नसताना दिवस गेलेल्या कितीतरी जणींनी मला हे विचारलंय. त्यातल्या एकीची गोष्ट, ओळख पटणार नाही इतका बदल करून सांगते.

दोन वर्षांची लेक, खासगी कंपनीत नोकरी, नववा आठवडा. सासूबाई म्हणत, “पिशवी साफ करून घे, दोन दिवसांत कामाला लागशील.” नवरा म्हणे, “गोळ्या घे आणि मोकळी हो.” मावशीनं फोनवर “खून करणार का?” असं विचारल्यापासून तर हिनं बोलणंच टाकलं होतं.

समुपदेशक म्हणून माझी घडण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांत झाली. माणूस स्वतःशी ज्या शब्दांत बोलतो तशा त्याच्या भावना घडतात, हे मी रोज पाहते. पोटातला जीव पहिल्यापासून माणूसच आहे असं मी मानते आणि येणारीला ते आधीच सांगते. तरीही ‘खून’ हा शब्द मी वापरत नाही. ‘साफ करणं’ म्हटलं की बाळ दिसेनासं होतं. ‘खून’ म्हटलं की आई.

पुढच्या एका भेटीला नवरा आला. “हे लवकर निस्तरायला हवं,” म्हणाला.

“लेकीच्या वेळी पहिली सोनोग्राफी कधी झाली होती?”

“सातव्या आठवड्यात.”

“डॉक्टरांनी काय दाखवलं?”

“बाळाचे ठोके.”

“आता कितवा आठवडा?”

“नववा.” तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “बाळ नको असं नाही हो. घराचा हप्ता आहे. हिची रजा बिनपगारी झाली तर काय करू? रात्र रात्र झोप नाही.” आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली. हे तिला त्यानं कधी सांगितलंच नव्हतं.

असं मी अनेकदा पाहिलंय. शब्द सरळ झाला की खरी अडचण तोंडावर येते, आणि तिच्यावर काहीतरी करता येतं. पगारी रजा पहिल्याच बाळंतपणाला मिळते, असा दोघांचा समज होता. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीपासून दुसऱ्या बाळालाही 26 आठवडे मिळतात. त्यांनी बाळ ठेवलं. त्याचा मला मनापासून आनंद आहे.

मुलगी म्हणून गर्भ पाडला तर आपण ‘स्त्रीभ्रूणहत्या’ म्हणतो. 1994 च्या कायद्यानं गर्भलिंगनिदानाला बंदी घातली. हल्ली बरेच कार्यकर्ते ‘गर्भलिंगनिवड’ म्हणतात, कारण ‘हत्या’ म्हटलं तर कायदेशीर गर्भपातही त्यात ओढला जाईल ही त्यांची काळजी. मला ही काळजीच बोलकी वाटते. मुलगा की मुलगी हे कळलं नाही, म्हणून त्या जिवाला वेगळं नाव कसं देता येईल?

कायदा मात्र स्पष्ट माहीत हवा. 1971 च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची किंवा सासूची लागत नाही. तिच्या मनाविरुद्ध गर्भपात घडवणं गंभीर गुन्हा आहे. तेव्हा ‘बाळ’ म्हणणाऱ्या सुनेला गप्प करू नका, आणि गोंधळलेल्या लेकीला पापाची भीती घालू नका. “तुला नेमकी कशाची भीती वाटते?” एवढं विचारा. उत्तर मिळालं की त्यातलं आपण काय उचलणार ते त्याच दिवशी सांगा: दवाखान्याचा खर्च, थोरलीला सांभाळणं, हप्त्याला हातभार.