कोलंबसपूर्व शिंपल्यांचे मणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका ऑनलाइन लिलावात ‘पेरू, कोलंबसपूर्व’ अशा वर्णनाचा केशरी मण्यांचा सर पाहिला. हे मणी नेमके कशाचे असतात? (पुणे)

उत्तर : कोलंबसपूर्व म्हणजे कोलंबस अमेरिकेत पोहोचण्यापूर्वीचे. पेरूमधले लाल, केशरी आणि जांभळट मणी बहुधा स्पॉन्डिलस या काटेरी शिंपल्याचे असतात. अँडीज पर्वतराजीतल्या केचुआ या स्थानिक भाषेत त्याला ‘मुल्लू’ म्हणतात, तर बारीक मण्यांना स्पॅनिश लोकांनी ‘चाकिरा’ हे नाव दिले. हा शिंपला इक्वाडोरपासून कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंतच्या उबदार पाण्यात वाढतो. पेरूच्या बऱ्याचशा किनाऱ्यालगत थंड प्रवाह वाहत असल्यामुळे तो तिथे उत्तरेकडून आणावा लागे. 1526 च्या सुमारास पेरू जिंकणाऱ्या पिझारो या स्पॅनिश सेनानीचा सुकाणूदार बार्तोलोमे रुईझ याला भर समुद्रात मालाने भरलेला एक मोठा तराफा आढळला. त्यावरचे सोन्याचांदीचे दागिने आणि कापड देऊन त्या बदल्यात हे शिंपलेच घ्यायचे होते, अशी नोंद त्या काळच्या वृत्तांतात आहे. त्यातच शिंपल्याचा आतला मोठा भाग पांढरा असतो आणि रंग बहुतांशी कडेच्या पट्ट्यात व बाहेरच्या थरात असतो. त्यामुळे एकसारख्या केशरी मण्यांचा सर करायला किती शिंपले आणि किती हात लागले असतील, याचा विचार केला की मी आजही थक्क होतो.

प्रश्न : अस्सल मणी घरी कसा ओळखावा? व्हिनेगरचा थेंब टाकून पाहावा का? (नाशिक)

उत्तर : कृपया टाकू नका. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्यामुळे कालचा मणी असो वा हजार वर्षांपूर्वीचा, आम्लाने दोन्ही फसफसतात आणि जुन्याचा पृष्ठभाग मात्र कायमचा खरवडला जातो. तापलेल्या सुईचा प्रयोगही टाळावा. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन आधी वेज पाहा. गारगोटीच्या टोकाने दोन्ही बाजूंनी पाडलेला वेज मध्यभागी अरुंद, डमरूसारखा दिसतो, तर यंत्राने पाडलेला सरळ आणि गुळगुळीत असतो. वेजाच्या कडेला दोऱ्याने झालेली झीज आहे का आणि अंगावर शिंपल्याच्या वाढीचे थर दिसतात का, हेही तपासा. तरीही या खुणा पुरावा ठरत नाहीत, कारण नकली माल करणाऱ्यांनाही त्या ठाऊक आहेत. कार्बन कालमापनाने शिंपला केव्हा मेला ते कळते, मणी केव्हा घडवला ते कळत नाही. शिवाय त्यासाठी मण्याचा काही भाग गमवावा लागतो. मी स्वतः मण्याआधी त्याची कागदपत्रे मागतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. असे मणी विकत घेणे कायदेशीर आहे का?

उत्तर : मणी कुठून आणि केव्हा निघाले, यावर ते अवलंबून आहे. अमेरिकेत संघराज्याच्या किंवा आदिवासींच्या जमिनीतून विनापरवाना पुरावस्तू काढणे 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. मेक्सिकोच्या 1972 च्या कायद्यानुसार अशा वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत. पेरूतील सिपान या प्राचीन थडग्यांच्या परिसरातल्या वस्तूंच्या आयातीवर अमेरिकेने 1990 मध्ये निर्बंध घातले आणि 1997 च्या कराराने त्यांची व्याप्ती वाढवली. त्यामुळे जुन्या खरेदीची पावती, निर्यातीचा परवाना किंवा जुन्या संग्रहाची दिनांकित नोंद यांपैकी काहीच नसेल, तर तो सर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मणी भारतात आणायचे असतील, तर आणण्यापूर्वीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी, कारण शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परत बाहेर नेताना 1972 च्या आपल्या कायद्याचा प्रश्न येतो.

कायद्यापलीकडचे कारण मला अधिक मोलाचे वाटते. सिपानच्या थडग्यांची 1987 मध्ये आधी लूट झाली आणि मग पेरूचे पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. ओवलेला दोरा कुजून गेला होता, तरी प्रत्येक मणी जागेवर नोंदला गेल्यामुळे छातीवरची रुंद आभूषणे मूळ नक्षीसह पुन्हा ओवता आली. अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठच्या काहोकिया या प्राचीन नगरात 72 क्रमांकाच्या टेकाडाखाली सुमारे 20,000 सागरी शिंपल्यांच्या मण्यांचा थर सापडला. त्याचा आकार ससाण्यासारखा आहे, हे मणी हलवण्यापूर्वीच दिसू शकले. चोरांनी ते पिशवीत भरले असते, तर हाती नुसते सुटे मणी उरले असते.

प्रश्न : आजोबांच्या संग्रहातल्या मण्यांवर पांढरी, आंबट वासाची भुकटी धरली आहे. बुरशी आहे का? (मुंबई)

उत्तर : बहुधा नाही. लाकडी कपाट, पुठ्ठा आणि काही डिंक यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा दमट हवेत शिंपल्यावर क्षार तयार करतात. त्याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात, पण तो संसर्ग नव्हे. मणी आज लाकडी खणातून काढा, आम्लरहित कागदात सैल ठेवा आणि पॉलिथिलीनच्या डबीत सिलिका जेलची पुडी घाला. मुंबईच्या पावसाळ्यात ती पुडी वारंवार बदलावी लागेल. धुणे, तेल लावणे आणि नव्या दोऱ्यात ओवणे हे संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञावर सोपवा. आजोबांच्या चिठ्ठ्या, पाकिटे आणि पावत्या मात्र मुळीच टाकू नका.

प्रश्न : मग सामान्य हौशी माणसाने गोळा करायचे तरी काय? (कोल्हापूर)

उत्तर : आज घडवलेले मणी. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या केवा प्वेब्लो या आदिवासी गावाचे कारागीर शिंपल्याच्या चकत्या दोऱ्यात ओवून त्या एकत्र घासतात आणि ‘हेशी’ नावाचे नाजूक सर करतात. कॅलिफोर्नियात चुमाश हे आदिवासी लोक ऑलिव्हेला शंखाचे मणी चलनासारखे वापरत, आणि त्यांचे वंशज ही कला आजही जपतात. घडवणाऱ्याकडूनच थेट घ्या आणि त्याचे नाव, गाव व दिनांक पावतीवर लिहून मागा.